महिना कोणता

होडीतून गुडघाभर पाण्यात उतरून फ्लोराबेल किनाऱ्याकडे चालू लागली, तेव्हा नांग पासिंग तिच्याच चेहऱ्यावर मासे वाळत घालत होती.

बारा वर्षांच्या मुलीचा चेहरा होता तो. निळ्या फ्लेक्सवर छापलेला, दोन्ही बाजूंना सोनेरी पानांची नक्षी, गळ्यात पदक. हनुवटीपासून कपाळापर्यंत पाठीतून चिरलेले छोटे मासे उताणे पसरले होते. डोळ्यांची जागा तेवढी मोकळी होती. शेजारच्या घरातल्या या म्हातारीने मुठीतले शेवटचे मासे तिथे ठेवले, हात कमरेला पुसले आणि मग वर पाहिलं.

"आलीस होय, इंदाय," बेटावर पोरींना लाडाने म्हणतात तसं ती म्हणाली. "बघ, तुला ऊन लागायला नको म्हणून झाकून ठेवलंय."

फ्लोराबेल हसली. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेऊन ती तिथेच उभी राहिली. पुढचा प्रश्न काय येणार हे तिला ठाऊक होतं आणि त्याचं उत्तर ती मनिलाच्या धक्क्यापासून जुळवत आली होती. ऑक्टोबर अर्धा झालेला. विद्यापीठाची परीक्षा आठवड्यावर. पण नांग पासिंगने विचारलं ते एवढंच, की मनिलात मक्याच्या कण्यांचा भात मिळतो की नुसता तांदळाचा. नुसता तांदळाचा, फ्लोराबेल म्हणाली. नांग पासिंगने चुकचुकत मान हलवली आणि माशांकडे सरकणाऱ्या कोंबड्या हाकलायला ती वळली.

घरापर्यंतची वाट नारळांमधून जात होती. वरून झावळ्यांचं ऊन-सावलीचं जाळं तिच्या अंगावरून सरकत होतं आणि जागोजागी ती स्वतःलाच भेटत होती. तेरा वर्षांची फ्लोराबेल डुकरांच्या गोठ्यावर छप्पर होऊन पडली होती. पावसाने तिचे ओठ पुसून गेले होते. चौदा वर्षांची, चर्चच्या पडवीला आडोसा म्हणून बांधलेली, वाऱ्याने फुगत होती आणि पुन्हा सपाट होत होती, जणू श्वास घेत होती. कुणाच्या तरी होडीवर नुसता तिचा कान आणि "अभिनंदन" या शब्दाचा शेवट उरला होता. दर मार्चमध्ये गावचा कप्तान, म्हणजे सरपंच, एक नवा फ्लेक्स छापून आणायचा, तो किनाऱ्यावर दोन नारळांच्या मध्ये टांगायचा, आणि पावसाळा सुरू झाला की ज्याला गरज असेल तो उतरवून न्यायचा. कासिसांगसारख्या छोट्या बेटावर कुठलीच धड वस्तू फुकट जाऊ देत नाहीत.

घरी आई नव्हती, वडील समुद्रावर होते. फ्लोराबेलने पिशवी कोपऱ्यात ठेवली, बांबूच्या जमिनीवर आडवी झाली आणि फटींमधून वर येणारा खारा गारवा पाठीला लागताच झोपून गेली.

*

शाळेत दोनच खोल्या होत्या. मधली भिंत विणलेल्या बांबूची. एका बाजूला पहिली ते तिसरी, दुसऱ्या बाजूला चौथी ते सहावी. फ्लोराबेल पहिलीत होती तेव्हा पाटीवर अक्षरं गिरवता गिरवता पलीकडचं सगळं तिला ऐकू यायचं. पलीकडे मॅम सालुद मोठ्या मुलांना अपूर्णांक शिकवायच्या. भिंतीच्या भोकांमधून त्यांचा आवाज यायचा, खडूची धूळ यायची, उन्हाच्या बारीक चकत्या यायच्या, आणि त्या सगळ्याची मिळून तिच्या मनात एकच गोष्ट झाली होती. अपूर्णांक म्हणजे भिंतीतून येणारं ऊन, असं तिला खूप दिवस वाटत होतं.

एकदा मॅम सालुदनी काही विचारलं आणि पलीकडे कुणालाच येईना. मग अलीकडून एक बारीक आवाज म्हणाला, तीन अष्टमांश.

मॅम सालुद भिंतीला वळसा घालून आल्या. कोण बोललं ते त्यांनी विचारलं नाही. लाल कानांची एकच मुलगी खाली मान घालून पाटी पुसत होती. त्यांनी तिचा हात धरला, तिची पाटी घेतली आणि तिला दुसऱ्या खोलीत नेऊन बसवलं. त्या दिवसापासून कुणी अडलं की त्या म्हणायच्या, फ्लोराबेलला विचारा. आधी वर्ग विचारू लागला, मग शाळा, मग गाव. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, रेडिओवर सांगितलेलं वादळ किती लांब आहे, बाप्तिस्म्याच्या जेवणाला डुकराचं मांस किती पुरेल, फ्लोराबेलला विचारा. ती सांगायची. न आलेलं असं काही कुणाला आठवत नाही इतकं तिला येत होतं.

सहावीत असताना मॅम सालुद तिला गणिताच्या स्पर्धेसाठी सेबू शहरात घेऊन गेल्या. वडीलही आले होते. ते आत आले नाहीत. इमारतीसमोर एक मोठं झाड होतं, त्याच्या बुंध्याला टेकून ते दिवसभर उभे राहिले. थंडगार सभागृहात लिहिता लिहिता फ्लोराबेलने खिडकीतून दोनदा पाहिलं, तर ते इमारतीकडे बघत नव्हते. रस्त्याच्या पलीकडे कुठेतरी त्यांची नजर लागली होती, एखादं घर शोधत असल्यासारखी. ती संपूर्ण प्रांतात पहिली आली. परतताना होडीत वडील सुकाणूपाशी गप्प बसले होते आणि मॅम सालुद मांडीवरची बक्षिसाची ढाल पुन्हा पुन्हा रुमालाने पुसत होत्या. कासिसांगच्या किनाऱ्यावर झाडून सगळं गाव आलं होतं. पहिला फ्लेक्स तेव्हा लागला. पहाटे वाऱ्यावर तो शिडासारखा वाजायचा आणि अर्धवट झोपेत फ्लोराबेलला वाटायचं, आपण कुठेतरी निघालो आहोत.

पुढची चार वर्षं तिला मोठ्या शाळेसाठी समोरच्या बेटावर जावं लागलं. रोज पहाटे वडील तिला उलांडीच्या, म्हणजे बाजूला तोल सांभाळणारा बांबू बांधलेल्या, होडीतून सोडायचे. समुद्र आणि आकाश एकाच राखी रंगाचे असायचे, मधली रेघ दिसायची नाही. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ती धडे म्हणायची. आवर्तसारणी, राजांच्या सनावळ्या, भूमितीची प्रमेयं. वडील पुढे बघत असायचे. ऐकत होते की नाही, तिला कधी कळलं नाही.

दर मार्चमध्ये व्यासपीठावर तिचं नाव पुकारलं जायचं, मोगऱ्याची माळ गळ्यात पडायची आणि पदक अडकवायला आईवडिलांना वर बोलवायचे. आई हसत आणि रडत यायची, वाटेतल्या सगळ्यांशी बोलत यायची. वडील मागून यायचे. लग्नातला पांढरा झिरझिरीत सदरा, धुऊन पिवळा पडलेला. ते पदक अडकवायचे, फोटो निघेपर्यंत श्वास रोखून उभे राहायचे आणि सगळ्यांच्या आधी खाली उतरायचे. घरी संध्याकाळी ती गणिताचं पुस्तक उघडून बसली की ते जाळं घेऊन बाहेर जायचे, फाटलेलं नसलं तरी. मोठी होता होता फ्लोराबेलने त्याचा अर्थ लावला होता. पुस्तकं ही त्यांची जागा नव्हती. त्यांना त्यांची भीती वाटत असावी. कधी कधी तिला त्यांची थोडी कीवही यायची आणि त्या दिवशी ती मुद्दाम हळू आवाजात वाचायची.

शेवटच्या वर्षी निरोपाचं भाषण तिने केलं. गाव होड्या भरून ऐकायला आलं होतं. मग मनिलाच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली, त्या बाजूच्या सगळ्या बेटांतून तिला एकटीला, आणि जूनमध्ये ती गेली.

*

मनिलातल्या गणिताच्या वर्गात दुसऱ्याच दिवशी एका मृदू आवाजाच्या प्राध्यापकांनी फळ्यावर एक ओळ लिहिली. एखादी गोष्ट एका जागेच्या हवी तितकी जवळ जाते, पोचली नाही तरी चालतं, फक्त हवी तितकी जवळ, अशा अर्थाची ती व्याख्या होती. तिच्यात दोन ग्रीक अक्षरं होती. लिहून झाल्यावर त्यांनी हात झटकले आणि कुणाला काही विचारायचंय का, असं विचारलं. कुणीच बोललं नाही. फ्लोराबेलही नाही. वर्गात तिने आजवर हात वर केला होता तो सांगायला. विचारायला हात कसा वर करतात, किती वर, आणि आधी काय म्हणायचं, हे तिला माहीत नव्हतं.

तिने ती ओळ पाठ केली. आंघोळ करताना, रांगेत उभी असताना ती तिला म्हणता यायची. चाचणीत प्रश्न आला, व्याख्येचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा. फ्लोराबेलने ओळ जशीच्या तशी लिहिली, मग खोडली, मग कोऱ्या जागेकडे घंटा होईपर्यंत पाहत बसली. पुढचं सगळं त्या ओळीवर उभं होतं, त्यामुळे पुढचंही तिला येईना. ती मागच्या बाकावर बसू लागली. मग उशिरा जाऊ लागली. मग जाईनाशी झाली. वसतिगृहातल्या खोलीची खिडकी एका भिंतीकडे उघडायची. तिथे ती दिवसच्या दिवस झोपायची आणि स्वप्नात जमिनीच्या फटींमधून पाणी दिसायचं, स्वच्छ, तळ दिसेल असं. एका सकाळी जाग आली तेव्हा तिने पिशवी भरली आणि ती बंदराकडे चालू लागली.

*

घरी आल्यावर तिला कुणीच काही विचारलं नाही.

आईने तिच्या केसांना तेल लावलं, केस किती गळायला लागलेत म्हणून मनिलाच्या पाण्याला नावं ठेवली. वडील समुद्रावरून आले, तिला पाहून मान हलवली आणि संध्याकाळी तिच्या ताटलीत माशाचा गालाकडचा तुकडा ठेवला. गावच्या कप्तानाने वाटेत थांबवून मनिलात आता जमिनीच्या वरून गाड्या धावतात ते खरं का, एवढंच विचारलं. मॅम सालुद चर्चच्या पायऱ्यांवर भेटल्या. आता त्यांना काठी लागायची. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, बराच वेळ पाहिला आणि जेवलीस का, म्हणाल्या.

सुट्टी आहे असंच या सगळ्यांना वाटतंय, फ्लोराबेलने ठरवलं. ते तिला अधिकच जड गेलं. ती ओहोटीच्या वेळी तिवरांच्या कडेने फिरायची, उथळ पाण्यात उताणी तरंगायची, कान पाण्याखाली गेले की गाव नाहीसं व्हायचं. ढग एकमेकांत मिसळताना बघता बघता दुपारची संध्याकाळ व्हायची. मासे उचलल्यावर मोकळा झालेला तिचा चेहरा नांग पासिंग दोरीवर धुऊन वाळत घालायची. त्या चेहऱ्यासमोरून जायला नको म्हणून ती मागच्या वाटेने घरी यायची.

एका सकाळी ती आईबरोबर मासे चिरायला बसली. आईचा हात यंत्रासारखा चालायचा. शेपटीकडून सुरी आत, पाठीतून वर, आणि मासा पुस्तकासारखा उघडायचा. फ्लोराबेलचा वेग गेला होता.

"नानाय," ती म्हणाली, "इथे कुणी मला काही विचारत का नाही?"

"काय विचारायचं?"

"मी का आले ते."

आईने उघडलेला मासा पाण्यात बुडवून टोपलीत टाकला.

"ऑक्टोबरात इथे कुणी सुट्टीवर येत नाही, इंदाय. एवढं पासिंगलाही कळतं." दुसरा मासा हातात घेऊन ती क्षणभर थांबली. "तुझे तातायही ऑक्टोबरातच आले होते."

"कुठून?"

"सेबूहून. कॉलेजातून."

फ्लोराबेलची सुरी माशात तशीच राहिली. आई खाली बघत, हात न थांबवता बोलत गेली. बेटावरून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा म्हणजे फ्लोराबेलचे वडील, क्रिसांतो. जहाजाचा इंजिनिअर होणार होता. तेव्हा फ्लेक्स नव्हते, पण निरोप द्यायला गावाने ढोल वाजवले होते, आणि आई त्या गर्दीत मागे उभी होती, कारण पुढे उभं राहायला तिचा काही हक्क नव्हता. जूनमध्ये पेटी घेऊन गेले आणि ऑक्टोबरात तीच पेटी घेऊन उतरले. किनाऱ्यावर पालथ्या घातलेल्या होडीवर बसून राहिले. कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या वडिलांनी होडीत सरकून जागा केली आणि ते जाऊन बसले. तेव्हापासून ते त्या होडीतच होते.

"कुणी एका शब्दाने विचारलं असतं ना, तर ते बेट सोडून गेले असते," आई म्हणाली. "सगळ्यांना दिसत होतं ते."

"आणि तू?"

"मी काय? मला बरंच वाटलं." आई हसली, आणि तिचा हात पहिल्यांदाच मंदावला. "परत आले म्हणून तर मला मिळाले. पण हे त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. त्यांना ते आवडलं नसतं."

"का आले होते?"

"ते मला कुठे ठाऊक आहे? मी पण विचारलं नाही ना."

थोड्या वेळाने, टोपली उचलता उचलता, आईने आणखी एक गोष्ट सांगितली. मनिलाचं जहाज रविवारी सेबूहून सुटणार होतं. तातायनी निरोप पाठवून जागा आहे का ते विचारून ठेवलं होतं. जायचंच असं काही नाही, ती म्हणाली. नुसतं विचारून ठेवलंय.

*

त्या दुपारी ओहोटी खोल होती. पाणी इतकं लांब गेलं होतं की समुद्र म्हणजे क्षितिजावरची एक पांढरी चमक उरली होती, आणि मधल्या ओल्या वाळूत सगळं आकाश उतरलं होतं. वडिलांनी होडी त्या वाळूवर एका कुशीवर टेकवून ठेवली होती आणि ते तिच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडत होते. लांबून बघताना होडी आणि माणूस ढगांवर ठेवल्यासारखे दिसत होते.

फ्लोराबेल जेवणाचा डबा घेऊन चालत गेली. पावलांखाली आभाळ फुटत होतं आणि मागे पुन्हा जुळत होतं. डबा उलांडीवर ठेवून तिने एक करवंटी उचलली आणि ती दुसऱ्या बाजूने खरवडू लागली. बराच वेळ दोघांच्या मध्ये होडीचा तळ आणि खरखर एवढंच होतं.

"ताताय," ती म्हणाली, "तुम्ही सेबूला कॉलेजात होता."

पलीकडची खरखर थांबली नाही.

"तुझी आई बोलली वाटतं."

"परत का आलात?"

आता खरखर थांबली. वडील होडीच्या कडेने फिरून या बाजूला आले, उलांडीच्या बांबूवर बसले आणि हातातल्या सुरीचं पातं पायाच्या तळव्यावर पुसू लागले. ते चिडले आहेत असं फ्लोराबेलला वाटलं. पण त्यांचा चेहरा नुसता विचारात पडलेला होता, खूप आत ठेवलेली वस्तू कुठे आहे ते आठवणाऱ्या माणसासारखा.

"एक गणित होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. गणित त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं. दोन जहाजं एकाच बंदरातून एकाच वेळी निघतात. एक थेट उत्तरेला, ताशी बारा मैलांनी. दुसरं थेट पूर्वेला, ताशी सोळा मैलांनी. त्यांच्यातलं अंतर ताशी किती मैलांनी वाढेल? क्रिसांतोने ते वाचलं आणि त्याला पहिलाच प्रश्न पडला, की महिना कोणता. ऑक्टोबरानंतर अमिहान सुरू होतो, ईशान्येचा वारा, उत्तरेला जाणाऱ्याच्या तो तोंडावर येतो. बारा मैलांचं जहाज बारा मैल जाईलच कसं? जुलैत असेल तर गोष्ट निराळी. शिवाय दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीत प्रवाह असणार, त्याचंही काही लिहिलेलं नव्हतं. त्याने बराच विचार केला आणि उत्तराच्या जागी लिहिलं, महिना कोणता ते दिलेलं नाही, त्यामुळे सांगता येत नाही.

"दुसऱ्या दिवशी सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं," वडील म्हणाले. "चांगला माणूस होता. त्यालाही हसू आवरेना. सगळा वर्ग हसला. मग वाटेत कुणी भेटलं की विचारायचं, काय रे, महिना कोणता?"

फ्लोराबेलच्या ओठांवर हसू आलं होतं ते तिने आवरलं. वडिलांनी ते पाहिलं आणि तेही थोडे हसले.

"हसण्यासारखंच असणार ते," ते म्हणाले. "पण काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही." त्यांनी सुरी खाली ठेवली. "तुला येतं का ते?"

तिने उलांडीखालून एक काटकी काढली. ओल्या वाळूवर तिने बंदर म्हणून एक ठिपका काढला, वर एक रेघ, उजवीकडे एक रेघ. वडील उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांची सावली आकृतीवर पडली तसे ते बाजूला सरकले.

"वारा धरायचा नाही, ताताय."

"धरायचा नाही म्हणजे?"

"नाही असं समजायचं. प्रवाह नाही, लाटा नाहीत. पाणी या वाळूसारखं सपाट आहे असं समजायचं."

"असा समुद्र असतो कुठे?"

"नसतो. फक्त या गणितापुरता."

वडिलांनी डोळे बारीक करून लांब, जिथे खरं पाणी चमकत होतं तिकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली पाहिलं. फ्लोराबेलने दोन रेघांची टोकं तिरक्या रेघेने जोडली. एका तासानंतर एक जहाज इथे, दुसरं तिथे. बाराचा वर्ग, सोळाचा वर्ग. ती हळूहळू लिहीत गेली, प्रत्येक पायरीला थांबून, आणि वडिलांची मान हलल्यावरच पुढची ओळ लिहिली. शेवटी तिरक्या रेघेवर तिने आकडा मांडला. वीस.

"ताशी वीस मैल," ती म्हणाली. "दर तासाला तेवढंच."

ते उकिडवे बसले. मच्छीमाराचं जाड, भेगाळलेलं बोट त्यांनी बंदराच्या ठिपक्यावर ठेवलं आणि उत्तरेच्या जहाजामागून नेलं. मग परत आणून पूर्वेच्या जहाजामागून. मग तिरक्या रेघेवरून. दुसऱ्यांदा त्यांनी तेच केलं, आता थोडं भरभर.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

वाळूतल्या बारीक भोकांमधून खेकडे बाहेर आले होते आणि दोघांची हालचाल नाही असं पाहून आकृतीच्या कडेने फिरत होते. वडिलांनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. पंचा खाली आला तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त कपाळावरचं काहीतरी सुटल्यासारखं झालं होतं, आणि फ्लोराबेलला एका क्षणापुरता पेटी घेऊन उतरलेला मुलगा दिसला, तिच्याहून थोडाच मोठा.

"सपाट समजायचं," ते स्वतःशी म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "आता तुझं सांग."

काटकीचं टोक तिने वाळूत रुतवलं, काढलं.

"तुम्हाला नाही कळायचं ते, ताताय."

"नाही कळू दे. सांग तर."

आकृतीच्या पलीकडे कोरी वाळू होती, पाऊल न पडलेली. फ्लोराबेलने तिथे जाऊन ती ओळ लिहिली, मनिलाच्या फळ्यावर होती तशी, दोन्ही ग्रीक अक्षरांसकट. पाठ असल्यामुळे हात कुठे अडला नाही. मग ती वाचू लागली, पहाटेच्या होडीत धडे म्हणायची तशी, मोठ्याने, एका सुरात. मध्यावर येऊन तिचा आवाज बारीक झाला. तिने तो भाग पुन्हा म्हटला आणि ती थांबली.

"इथून पुढे मला कळत नाही," ती म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिने आजूबाजूला पाहिलं. काहीच हललं नव्हतं. होडी तशीच कुशीवर निजली होती आणि भरतीचं पाणी अजून लांब होतं.

वडील उठून तिच्या शेजारी आले. हात मागे बांधून ते त्या अनोळखी ओळीवर वाकले, समोरच्या पाण्यात खडक आहे का ते बघताना वाकायचे तसे.

"कुठून?" ते म्हणाले. "बोट ठेव."

फ्लोराबेलने वाळूत गुडघे टेकले. ओळीच्या सुरुवातीपासून तिचं बोट हळूहळू पुढे सरकत गेलं आणि एका अक्षरापाशी येऊन थांबलं.